समुद्रस्नानाचा बेत

देशावरच्या माणसास समुद्राची ओढ फार, परंतु ओळख मुळीच नाही, असे आमचे बहुत दिवसांचे मत आहे. गेला महिनाभर आमच्या घरात गोव्यास जाण्याचा जो बेत चालला आहे, त्याने ते मत अधिकच पक्के झाले; आणि मौज ही, की हे अज्ञान ज्यांच्या ठायी सर्वांत अधिक निघाले ते आम्हीच.

बेत ऐकावयास साधा आहे. दिवाळीच्या सुटीत घरातील अकरा मंडळींनी गोव्यास जावयाचे, चार दिवस समुद्रकाठी राहावयाचे आणि परत यावयाचे. ज्या वाचकांच्या घरी एकत्र कुटुंब नांदत असेल त्यांस मात्र अकरा मंडळींचा बेत म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. आम्ही उभयता, आमच्या वडील भगिनी आक्का, दोन चिरंजीव, दोन सुना आणि चार नातवंडे. यांत एकास गार पाणी वर्ज्य, एकीस मोटार लागते, एकास दिव्यावाचून झोप येत नाही, आणि आक्कांचे सोवळे तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही घरात सर्वांत आधी उठते.

आमचे जेऊर हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळे तालुक्यातील गाव. मुंबईहून सोलापुराकडे व पुढे चेन्नईस जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे स्थानक आहे. करमाळ्यास जाणारा उतारू येथेच उतरतो. एवढी थोर गाडीवाट दारावरून गेली असली तरी समुद्र आम्हांस सह्याद्री ओलांडल्यावाचून दिसावयाचा नाही. पाणी म्हणजे आमच्या बाळपणी आडाचे व विहिरीचे. सन १९७२ च्या दुष्काळात तेही आटले, तेव्हा हंडाभर पाण्यासाठी आक्कांनी रात्री जागविलेल्या आम्हांस आठवतात. पुढे १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले आणि तालुक्याच्या पश्चिम अंगास एकाएकी दृष्टी पोहोचणार नाही एवढे पाणी उभे राहिले. ज्वारीच्या रानात ऊस आला, केळी आली. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. गावे बुडाली तीही त्याच पाण्यात. हे पाणी पाहून आमची मुले मोठी झाली, आणि पाणी म्हणजे काय ते आपणांस कळले, अशी त्यांची समजूत झाली. आमचीही तीच होती.

बेताची वार्ता प्रथम काढिली ती थोरल्या नातवाने. "आबा, सगळे जाऊन आले, आपणच राहिलो. कळंगुटला जाऊ या," असे तो जेवताना म्हणाला. धाकट्या तिघांनी एका सुरात री ओढली. चिरंजीवांनी मान डोलाविली. आमचे कुटुंब काहीच बोलले नाही, याचा अर्थ त्यांचीही संमती होती. नवल आक्कांचे. त्या ताटावरून मान वर करून म्हणाल्या, "समुद्र तेवढा माझा राहिलाय रे. काशी झाली, रामेश्वर झालं नाही. आता गुडघे रामेश्वरापर्यंत नेणार नाहीत. गोवा जवळ आहे म्हणतात."

आक्का चौदा वर्षांच्या होईतो गोवे परक्यांचा मुलूख होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी तो मुक्त झाला, ती बातमी वडिलांनी ओसरीवर मोठ्याने वाचली होती, असे त्या अजून सांगतात. त्यांच्या तोंडून गोव्याचे नाव आलेले ऐकून सर्वांनी बेत ठरलाच असे धरिले.

आम्ही मात्र विरोध केला. खर्च काढिला, गर्दी काढिली, परगावच्या अन्नपाण्याची चिंता काढिली. करमाळे तालुक्यातील कुगावाहून इंदापूरकडील कळाशीस निघालेली बोट २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटून सहा जण गेले, तेही सांगितले. घराजवळचे पाणी ओळखता येत नाही, मग परक्या ठिकाणचे कोण ओळखणार, असा आमचा प्रश्न. मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले, तीही गोष्ट सांगितली. ही सर्व कारणे खरी होती. परंतु आमच्या विरोधाचे मूळ कारण त्यांत नव्हते, आणि ते आम्ही घरात कधीच काढिले नव्हते.

आमच्या धाकट्या सूनबाईंचे माहेर मालवणाजवळचे. लग्न होऊन आठ वर्षे झाली. या आठ वर्षांत समुद्राविषयी त्यांस कोणी काही विचारिल्याचे आम्हांस स्मरत नाही. भाकरी कशी थापावी, ज्वारी कशी पाखडावी, हे आम्ही देशस्थांनी त्यांस शिकविले. त्यांस काय येते हे विचारावयाचे राहून गेले. त्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मामंजी, जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण गेलोच तर एक सांगून ठेवते. पाणी जिथं शांत दिसतं ना, तिथं कुणी उतरायचं नाही."

आमच्या हातातील घास हातातच राहिला. असे का, असे आम्ही विचारिले. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आम्ही शिक्षकाच्या सवयीने आमच्या शब्दांत मांडतो. लाटा एकसारख्या येऊन पाणी काठावर चढवितात. चढलेले पाणी परत जावयास वाट शोधते. पाण्याखाली वाळूचे लांबट बांध असतात. त्या बांधास जेथे खिंड पडली असेल तेथून ते सारे पाणी एकवटून जोराने आत जाते. खिंडीवर पाणी खोल, म्हणून तेथे लाट फुटत नाही, फेस होत नाही. दोन्ही बाजूंस पांढऱ्या लाटा आणि मधोमध किंचित काळसर, गुळगुळीत पट्टा असे दिसते. विहिरीत पोहणाऱ्यास तोच पट्टा निर्धोक वाटतो. तेथे पाऊल टाकणारा काठाकडे तोंड करून जीव खाऊन हात मारतो, आणि काठ मात्र दूर दूर जातो. पट्टीचा पोहणारा देखील त्या ओढीस उलटा पुरा पडत नाही. तो बुडतो तो बहुधा पाण्याने नव्हे, तर दमून. अशा वेळी काठाची आशा सोडून किनाऱ्यास समांतर, आडवे पोहावे. पट्टा काही फार रुंद नसतो. त्यातून बाहेर पडले की लाटाच काठाकडे आणतात. पोहणे येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगावे व हात वर करून हाक मारावी.

हे ऐकून आम्ही ताटावरून उठलो. हात धुवून परत येऊन बसलो, आणि जे चौतीस वर्षे सांगितले नव्हते ते सांगितले.

सन १९९१ च्या पौषात आम्ही शाळेतील सातवीच्या मुलांची सहल कोकणात एका किनाऱ्यावर नेली होती. मुले सारी विहिरीत व कालव्यात पोहणारी. पाण्यात उतरू द्या म्हणून त्यांनी हट्ट धरिला. आम्ही तरुण, जबाबदारीची जाणीव असलेले. म्हणून उगाच कोठेही उतरू न देता आम्ही किनारा नीट न्याहाळला, आणि जेथे लाटा फुटत नव्हत्या अशी जागा निवडून तेथे बोट दाखविले. पहिले सात-आठ जण उतरले. त्यांपैकी एक मुलगा क्षणात लहान दिसू लागला. तो ओरडत होता की हसत होता हेही प्रथम कळेना. काठावर जाळे निवडीत बसलेला एक कोळी काही न बोलता उठला आणि, आम्हांस तेव्हा मोठे आश्चर्य वाटले, मुलाकडे न जाता बरेच अंतर बाजूस धावला व तेथून पाण्यात शिरला. मुलास धरून तो आडवाच गेला, आणि पुष्कळ लांब काठावर आला. मुलगा वाचला. कोळ्याने आमच्याकडे एकवार पाहिले. त्यास मुलांनी गोळा केलेले पैसे देऊ लागलो ते त्याने घेतले नाहीत. शाळेत परत आल्यावर वरिष्ठांनी सांगितले, मूल सुखरूप आहे, गोष्ट वाढवू नका. आम्ही वाढविली नाही. मनात एवढेच धरून बसलो की समुद्र दगा देतो. त्या जागेकडे बोट आम्ही दाखविले होते, आणि ती जागाच दग्याची होती, हे सूनबाईंनी सांगेपर्यंत आम्हांस कळले नव्हते.

घरात कोणी बोलेना. काही वेळाने आमचे कुटुंब म्हणाले, "चाळीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं." पुढे त्यांनी काही म्हटले नाही, व आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच पंचांग घेऊन सूनबाईंस हाक मारिली. बेत करावयाचा तर विद्येने करावा. समुद्राची भरती-ओहोटी तिथीवर चालते, हे आम्ही मुलांस शिकविले होते. परंतु शिकविणे निराळे आणि त्यावर मुक्काम बेतणे निराळे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते म्हणून पाऊणपट. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेस गोव्याकडे भरती काहीशी आधी लागते. पाणीही तेथे मुंबईएवढे चढत नाही. मुंबईस उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांच्याही वर जाते, गोव्यास ते दोन मीटरांच्या आसपास असते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य-चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ एकमेकींस काटकोनात पडते, पाणी कमी चढते व कमी उतरते. त्यास किनाऱ्यावर भांग म्हणतात. संस्कृत, गणित व भूगोल हे तिन्ही विषय एका पंचांगात असता आम्ही शाळेत त्यांचे तीन निरनिराळे तास घेत होतो, हे आता हसू येण्याजोगे वाटते.

आता काळ कोणता? मे महिन्यात सुटी असते, परंतु उकाडा असह्य, आणि महिना सरता सरता समुद्र खवळू लागतो. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरण्याचे नावच नको. नाताळापासून इंग्रजी नववर्षापर्यंत गोव्यात मुंगीस वाट मिळत नाही, आणि खोलीचे भाडे ऐकून आमच्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाने कानांवर हात ठेवावे. राहिली दिवाळीची सुटी. गर्दी तेव्हाही असते, पण पाऊस सरलेला, हवा निवळलेली. भाऊबीज झाल्यावर निघावे असे ठरले.

येथे आक्का अडून बसल्या. समुद्रास एरवी स्पर्श करू नये, पर्वकाळीच त्यात स्नान करावे, असा आपल्याकडील जुना संकेत आहे, आणि तो त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेला. "न्यायचं तर त्रिपुरी पौर्णिमेला न्या. सहलीसाठी समुद्रात पाय घालायला मी काय शाळकरी पोर आहे?" सूनबाई हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, पौर्णिमेला उधाण असतं. तुमचे गुडघे असे." आक्का म्हणाल्या, "मग मी खोलीतच बसेन. पोरं जाऊ देत."

त्या रागावून बोलल्या असत्या तर आम्हांस काही वाटते ना. त्या समजूतदारपणे बोलल्या, आणि तेच आम्हांस सहन होईना. धर्म म्हणतो पौर्णिमा, समुद्र म्हणतो पौर्णिमा नको. पौर्णिमेपर्यंत शाळांची सुटीही पुरत नव्हती. शिवाय त्याआधी कार्तिकी एकादशी. त्या दिवसांत कुर्डुवाडीहून पंढरपूरची वाट वारकऱ्यांनी भरून वाहत असते, आणि आमच्या भागातील कोणतीही गाडी त्या गर्दीतून सुटत नाही.

रात्री आम्ही वडिलांच्या पोथ्यांचे कपाट उघडिले. मॅट्रिकपुढे आमचे शिक्षण झाले नाही, परंतु वडिलांनी संस्कृत पक्के करून घेतले होते, त्याचा एवढा उपयोग पूर्वी क्वचितच झाला असेल. विष्णुपुराणात पर्वे कोणती ते सांगितले आहे. अमावास्या व पौर्णिमा तर आहेतच. परंतु चतुर्दशी, रविसंक्रांत आणि अष्टमी याही पर्वांतच गणलेल्या आहेत. अष्टमी! म्हणजे ज्या दिवशी समुद्रास भांग, तोच दिवस शास्त्रानेही पर्व मानिलेला. आम्ही चष्मा पुसून स्थळ दोनदा वाचले, आणि सकाळी पोथीच आक्कांपुढे नेऊन ठेविली. त्यांस संस्कृत कळत नाही, पण धाकट्या भावाने पोथी काढून रात्र जागविली हे कळले. "अष्टमी तर अष्टमी," त्या म्हणाल्या, "पण संकल्प तू सांगायचास. तिथला भट नको." कार्तिक शुद्ध अष्टमी पक्की झाली.

सूनबाईंनी मात्र आमच्या आनंदास तेथेच लगाम घातला. भांग म्हणजे समुद्र निजला असे नव्हे, ती परतीची ओढ अष्टमीसही असते, असे त्यांनी बजाविले. मुलांनी दुपारनंतर, भरती चढू लागल्यावरच आणि कमरेइतक्याच पाण्यात उतरावयाचे. गोवे सरकारच्या व्यवस्थेने २००८ पासून तेथील किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले असतात; त्यांनी जेथे लाल-पिवळी निशाणे रोवली असतील त्यांच्या मधल्या जागेतच पाण्यात जावयाचे, आणि नुसते लाल निशाण दिसल्यास वाळूचे किल्ले करावयाचे. जीवरक्षक घरी गेले म्हणजे आपणही घरी. आक्कांसाठी काठावर खुर्ची मांडावयाची. पावलांपर्यंत लाट येईल, वरून तांब्याने पाणी घालावयाचे. हे सर्व आम्ही वळणदार अक्षरात लिहून काढिले व चारही नातवंडांच्या सह्या घेतल्या. सर्वांत धाकटीने अंगठा उठविला.

स्थळाचा वाद त्यामानाने लवकर मिटला. नातवास कळंगुट हवे होते, कारण त्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. बारदेशातील कळंगुट, बागा, कांदोळी हा किनारा परदेशी प्रवाशांच्या पायांनी १९६० नंतरच्या दशकात जगास ठाऊक झाला, व आता तेथे वाळूपेक्षा छत्र्याच अधिक दिसतात, असे जाऊन आलेले सांगतात. आम्ही कोलव्याच्या बाजूस कौल दिला. एक तर मडगावच्या स्थानकापासून ते दोन कोसांवर. शिवाय त्या किनाऱ्याची जुनी रीत आम्हांस आवडली. पोर्तुगीज अमदानीपासून मडगावची खातीपिती घराणी उन्हाळ्यात हवापालटासाठी बिऱ्हाड घेऊन कोलव्यास येऊन राहत व समुद्रस्नान करीत. म्हणजे अकरा मंडळींनी भांडीकुंडी, लोणची-पापड घेऊन समुद्रकाठी मुक्काम ठोकावयाचा, ही काही आम्हीच काढिलेली टूम नव्हे. कोलव्यासही गर्दी असावयाचीच. परंतु स्वयंपाकाची सोय असलेल्या दोन खोल्या तेथे मिळाल्या, आणि आक्कांच्या सोवळ्याचा प्रश्न सुटला. एक दिवस फोंड्याकडे जाऊन मंगेश व शांतादुर्गा यांचे दर्शन घ्यावयाचे आहे. सोळाव्या शतकात मूळ देवळांवर संकट आले तेव्हा भक्तांनी हे देव समुद्राजवळच्या गावांतून उचलून खाडीपलीकडे आत नेले. त्यांस जाऊन भेटणे हे समुद्र पाहण्याहून कमी नव्हे, असे आमचे कुटुंब म्हणते.

गाडीचा विचार असा. जेऊराहून दौंडास जावयाचे व तेथे गोवा एक्सप्रेस धरावयाची. ती पुणे, मिरज, बेळगाववरून लोंढ्यास जाते व कॅसल रॉकचा घाट उतरून मडगावास पोहोचते. वाटेत दूधसागर धबधबा आहे, तीनशे मीटरांहून उंच. रात्र असल्यास ऐकूनच समाधान मानू. आरक्षण पूर्वी चार महिने आधी होत असे, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसांवर आले आहे. त्यामुळे साठावा दिवस कोणता, याची मोजणी नातवंडांनी भिंतीवर रेघा ओढून केली. वृद्धांस तिकिटात सवलत असे, स्त्रियांस तर निम्मी. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत ती बंद झाली. आक्का पूर्ण तिकीट काढून प्रवास करणार म्हणून स्वतःवर खूश आहेत. आम्ही नाही.

ठरल्या सकाळी चिरंजीवांनी तिकिटे काढिली. नऊ जणांस निजावयाची जागा पक्की मिळाली, दोघांस अर्धी. ते दोघे आम्ही उभयता, हे ओघानेच आले.

त्याच दिवशी सायंकाळी स्थानकाच्या रस्त्यावर तो १९९१ चा विद्यार्थी भेटला. आता पंचेचाळिशी ओलांडलेला केळीचा बागायतदार आहे. भेटला की वाकून नमस्कार करितो, आणि त्या नमस्काराची आम्हांस आजवर लाज वाटत आली. त्या दिवशी आम्ही त्यास थांबविले, आणि जागा आम्हीच चुकीची दाखविली होती, ती का चुकीची होती, हे रस्त्यातच उभे राहून सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मीही कधी पोरांना तिकडं नेलं नाही. मागे लागलेत. ते तिथीचं गणित मला लिहून द्याल का?"

खिशात तिकिटाचा छापील कागद होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही पाऊणपटीचे कोष्टक लिहिले, अष्टमीभोवती वर्तुळ काढिले, आणि लाट न फुटणाऱ्या पट्ट्याचे चित्र काढून त्यावर फुली मारिली. आडवे पोहण्याचा बाणही दाखविला. "आणि ओहोटी कधी, ते?" त्याने विचारले. भरतीच्या वेळेत सहा तास मिळवावे, असे खाली लिहून दिले. मग कागद त्याच्याकडेच राहिल्याने घरी जाऊन चिरंजीवांस तिकिटे पुन्हा छापावयास सांगितली.